जोडीचा तितर बोलत नाय

दिवाळी झाली, भात झोडून कणगीत पडलं, की बेटेगावच्या पुढं डोंगराच्या बुडाला असलेला तो बारा झोपड्यांचा पाडा रिकामा व्हायचा. कोणी पालघरकडं गवत कापायला, कोणी मिठागरावर. आणि पासष्ट-सहासष्ट साली तर निम्मा पाडा तारापूरच्या बाजूला, समुद्रकाठी मोठं काम निघालं होतं, तिकडं घमेली उचलायला. बायका डोक्यावर मडकी घेत, पोरं काखेत मारत, कुत्री मागं धावत. ओढा ओलांडला की बोलणी ऐकू येईनाशी होत.

मागं राहायचा एकटा जिव्या. वय पन्नासच्या आतबाहेर. ताडगोळे काढताना ताडावरून पडला होता, भगतानं पाय बांधला तो वाकडाच बसला. चालायचा, पण गवताच्या बोलीवर त्याला कोण घेणार? म्हणून पाड्यानं त्याला राखणीला ठेवला. निघताना जो तो त्याच्या गळ्यात काही तरी बांधून जायचा.

"काका, माझी काळी कोंबडी खुडूक हाय. नजर ठेव."

"जिव्या, माझ्या कणगीला उंदीर लागला तर मी तुना इचारीन बघ."

"मना कशाला? उंदरालाच इचार," जिव्या म्हणायचा.

लोक हसायचे आणि जायचे. मग होळीपर्यंत त्याच्याशी बोलणारं माणूस नाही. बायको कमळी तापानं गेली त्याला सहा वर्षं झाली होती. लेक लाडकी वाणगावकडं दिलेली, ती आपल्या माणसाबरोबर मिठागरावर. राहिला जिव्या आणि त्याचा तितर.

त्या तितराचं असं झालं. तीन वर्षांमागं भादव्यात सोमीला गवतात चार अंडी सापडली. सोमी म्हणजे जिव्याची वयनी, मेलेल्या थोरल्या भावाची बायको, जिभेनं कोयता. ती अंडी भाजून खाणार होती. जिव्यानं मागून घेतली आणि तिच्याच कोंबडीखाली सरकवली. तीन वाया गेली, एक फुटलं. त्यातून निघालं ते मुठीत मावणारं, पट्ट्यापट्ट्यांचं पोर. कोंबडी त्याला दोनदा टोचायला धावली. मग जिव्यानं ते कांबळीच्या कोपऱ्यात वाढवलं.

तितर पाळणं हे पोपट पाळण्यासारखं नाही. पोपटाला मिरची दिली, पेरू दिला, की तो खूश. तितराला रोज ताजी उधई लागते. शहाणे लोक वाळवी म्हणतात ती. पहाटे कुदळ घेऊन वारूळ शोधायचं, पांढऱ्या उधईची ढेप पानात बांधून आणायची, पिंजऱ्यापुढं झटकायची. सगळं वारूळ एका दिवसात खणायचं नाही. थोडं खणून माती लोटून ठेवली की आठ दिवसांनी ते पुन्हा भरतं. उधई नसेल तर नाकतोडे, तेही तंगड्या मोडून, नाहीतर घशात अडकतात. वर चिमूटभर नाचणी, गवताचं बी, कोवळा पाला, नि बारीक खडे. खडे नसले तर दाणे पोटात दळणार कशानं? पाणी करवंटीत, रोज नवं.

पिंजरा जिव्यानं स्वतः बांबूच्या कामट्यांनी विणला. छताला मात्र कामट्या नाहीत, जुन्या लुगड्याचं फडकं ताणून बसवलेलं. कारण तितर दचकला की सरळ वर उडी मारतो. पलीकडच्या टेकडीत खडी फोडायला सुरुंग लावायचे, दुपारी आवाज झाला की पाखरू उसळायचं. वर बांबू असता तर डोक्याची साल निघाली असती. ते लुगडं कमळीचं होतं. जिव्याला विचाराल तर तो म्हणे, "घरात दुसरं फडकं नव्हतं." तेही खरंच होतं.

रोज सकाळी अंगणात राखमिश्रित मातीचा ढीग. त्यात तो लोळायचा, पंखांत माती घ्यायचा, उवा झाडून टाकायचा. उन्हं चढली की पिंजऱ्यावर ओलं बारदान. सांजेला पिंजरा आढ्याला, कारण मुंगूस खालून येतं आणि धामण भिंतीवरून. म्हणून दोरीला भिलाव्याचं, म्हणजे बिब्ब्याचं, तेल चोपडलेलं. इतकी चाकरी जिव्यानं कमळीचीही केली नसेल, असं सोमी म्हणायची.

आणि त्या चाकरीचं फळ म्हणजे आवाज. फटफटलं की पिंजऱ्यातून सुरू व्हायचं, 'क्-तितर! क्-तितर! क्-तितर!' ओढ्यापर्यंत ऐकू जाई. कोंबडे पाड्यात होतेच, पण कोंबडा ओरडतो तो सगळ्या जगाच्या नावानं. तितर बोलला की जिव्या आतून विचारायचा, "काय रं?" तितर म्हणायचा, "क्-तितर!" "उठलो, उठलो." असं त्यांचं रोजचं चालायचं.

एकदाच त्याच्या हातून चूक झाली, तीही दुसऱ्याच्या सांगण्यावरून. कार्तिकात किनाऱ्याकडची एक मासळीवाली, वत्सला, टोपलीत सुका जवळा घेऊन पाड्यावर आली. भाताच्या बदल्यात मासळी द्यायची तिची नेहमीची फेरी. या साली पाडा आठ दिवस आधीच उठलाय हे तिला ठाऊक नव्हतं.

"अगो बाय! सगली गेली?" ती टोपली उतरवून म्हणाली. "नि तू एकलाच रं?"

"एकला कसा? हा हाय ना."

तिनं पिंजऱ्यात वाकून बघितलं. "काय खातो ह्यो?"

"किडे."

"मग जवला दे की. पाण्यातला किडाच तो." आणि तिनं ओंजळभर जवळा ओट्यावर ओतला. भात काही घेतलं नाही. बसून अर्धी घटका बोलली, तिच्या होडीचं, तिच्या सुनेचं, आणि गेली.

ती बोलली याच आनंदात जिव्यानं जवळा पिंजऱ्यात टाकला. तितरानं तो अधाशासारखा खाल्ला. मग पाणी प्याला, पुन्हा प्याला, करवंटी रिकामी केली आणि सांजेला पंख पाडून बसला. समुद्राचं मीठ त्याच्या पोटात गेलं होतं. किनाऱ्यावरच्या माणसाला आणि डोंगरातल्या माणसालाही खारं म्हणजे चवीचं; पाखराला ते सोसत नाही हे कोणाच्या ध्यानात यावं? तीन दिवस जिव्यानं त्याला बोट बुडवून पाणी पाजलं, बिनमिठाची पेज चोचीला लावली. कोणाला बोलवावं तर बाकीच्या अकराही झोपड्यांची दारं बांधलेली. चौथ्या दिवशी पाखरू 'क्' एवढंच बोललं. जिव्या पिंजऱ्याला टेकून बसला होता, तो तिथंच झोपला.

आता तितर पाळायचा तो काही नुसता ऐकायला नव्हे. डोंगरात पिंजरा नेऊन ठेवायचा, भोवती घोड्याच्या केसांचे फासे मांडायचे, आपण झुडपाआड बसायचं. पाळीव तितर बोलला की रानातला येतो, हा कोण माझ्या हद्दीत म्हणून भांडायला, आणि पाय फाशात अडकवून घेतो. पाड्यात पूर्वी दोघातिघांकडे असे तितर होते. आता एकट्या जिव्याकडं. पण त्याचा एक नेम होता, बापापासून चालत आलेला. आपल्या तितराच्या हाकेवर आलेलं पाखरू आपण खायचं नाही. दुसऱ्याच्या घरी द्यायचं. "घरचं पोरगं ज्याला बोलावतं, त्याला मारून घरीच कसं शिजवायचं?" बाप म्हणायचा.

पाडा भरलेला असला की हा नेम सोपा. पौषात, पाडा रिकामा असताना, तो अंगाशी आला.

त्या दिवशी पाखराला मोकळी हवा म्हणून जिव्या पिंजरा टेकाडावर घेऊन गेला आणि हाताला खोड म्हणून फासे मांडले. तितर बोलला. गवत हललं, आणि फाशात फडफड झाली. जाऊन बघतो तर मादी. नराच्या पायाला मागं काटा असतो, हिच्या पायाला नव्हता. फासा कातडीत रुतून पाय सोललेला.

खायची नाही. द्यायची तर कोणाला? बेटेगावात जाऊन कोणाला तरी दिली असती, पण त्या लंगड्या पायानं जाऊन येईपर्यंत इकडं कोंबड्यांवर बोका पडला असता. सोडून द्यावी तर असा पाय घेऊन ती दुपारपर्यंत मुंगसाच्या तोंडात. जिव्या बराच वेळ तिला उपरण्यात धरून बसला. मग घरी आणली, पायाला हळद-तेल लावलं, आणि कणगीमागं टोपलीखाली ठेवली. मुद्दाम मागं. कारण त्याला ठाऊक होतं, आणि तितर पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं: एकटा असतो तोवर तितर बोलतो. जोडी मिळाली की गप्प होतो.

पण नराला कळलंच. त्या सांजेपासून तो जो ओरडायला लागला तो दुसऱ्या दिवशी दुपारीही थांबेना. उधई पुढं तशीच पडलेली. कामट्यांना चोच घासून घासून चोचीच्या मुळाशी रक्त आलं. जिव्यानं "काय रं?" म्हटलं. तितरानं त्याच्याकडं बघितलंही नाही. त्याची मान कणगीकडं.

जिव्या ओट्यावर जाऊन बसला. तीन वर्षं हे पाखरू रोज पहाटे बोलत होतं आणि तीन वर्षं तो उत्तर देत होता. ते बोलणं आपल्याशी नव्हतंच, हे त्याला आता कळलं. कळलं म्हणजे, ठाऊक तर आधीपासून होतंच.

पंधरा दिवस त्यानं मादीची टोपली नराच्या पिंजऱ्याला लागून ठेवली. घाईनं एकत्र घातले तर नर डोकं फोडतो. सोळाव्या दिवशी मोठा पिंजरा विणला, कोपऱ्यात मादीला दडायला पेंढा ठेवला आणि दोघांना आत सोडलं. नर पंख लोंबवून तिच्याभोवती फिरला. मग उधईचा एक किडा चोचीत धरला, खाल्ला नाही, तिच्यापुढं टाकला.

दुसऱ्या दिवशी जिव्याला जाग आली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. कोणी उठवलंच नव्हतं.

माघ तसाच गेला. जिव्या वारूळ खणायचा, आता दुप्पट. मातीचा ढीग मोठा करायचा, दोघं त्यात पाठीला पाठ लावून लोळायची. मादीचा पाय सुधारला, ती लंगडी मात्र राहिली. पिसं दोघांची तेलकट, तकतकीत. पाळीव पाखरू याहून सुखी कुठं असेल? घरात मात्र आवाज फक्त करवंटीत चोच आपटल्याचा.

होळीला चार दिवस असताना सोमी सगळ्यांच्या आधी परत आली. दारातच उभी राहून तिनं जिव्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"जिता हायस?"

"का गं वयनी?"

"ओढ्यापातुर आले, तितर नाय बोलला. वरच्या वळणापातुर आले, तरी नाय. मना वाटलं जिव्या मेला. रडायची तयारी करून आले मी." मग तिला पिंजऱ्यातली दोन पाखरं दिसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. "आता कळलं! लंगड्यानं लंगडी आणली."

दुसऱ्या दिवशी तिचा पोरगा चिंतू आला, बायको-पोराला घेऊन. पस्तिशीचा गडी, तारापूरकडं टोळीचा मुकादम झाला होता, बोलण्यात हिंदी शिरलं होतं. लग्नाला नऊ वर्षं होऊन या साली त्याला पहिला पोरगा झाला होता. त्यानं वाघोबाला नवस बोललेला, होळीला डोंगरातला तितर वाहीन.

"काका, उद्या जाऊ टेकाडावर. तुझा तितर लाव."

"तो बोलत नाय आता."

चिंतू पिंजऱ्यापाशी गेला. बघत राहिला. "जोडी कुणी दिली त्याला?"

"मी."

"कशाला?"

जिव्यानं वाकून करवंटी सरळ केली. चिंतूनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "बरं. मग ही मादी डोंगरातली हाय ना? नर घरात उबवलेला, तो वाघोबाला चालत नाय. ही चालंल. नवस फिटंल, नि तुझा नर परत बोलाया लागंल. दोन कामं एकदम, खतम."

तो वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. पाड्यातल्या कोणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. जिव्या पिंजऱ्याची दोरी धरून उभा राहिला.

"नर चोच फोडून घेतो रं," तो म्हणाला.

"आं?"

"काय नाय. मी तुना दुसरा धरून देतो."

"होळीच्या दिवशी, दुपारपातुर. पोराच्या नवसाशी खेळ नको, काका. नाय गावला तर मादी."

होळीच्या पहाटे जिव्या जुना पिंजरा फडक्यानं झाकून निघाला. बघणाऱ्याला वाटावं, आत तितर आहे. आत काहीच नव्हतं. तितर मागं घरी, मादीच्या अंगाला अंग लावून निजलेला.

टेकाडावर त्यानं पिंजरा ठेवला, फासे मांडले, करवंदीच्या जाळीआड बसला. दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले, जीभ टाळूला लावली आणि हाक मारली. जी निघाली ती खोकल्यासारखी. दोन महिने गळ्याला फारसं कामच नव्हतं. पुन्हा मारली. एक टिटवी तेवढी उडाली. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले आणि तीन वर्षं जसं ऐकलं होतं तसं म्हटलं, 'क्-तितर! क्-तितर!' सुरुवातीला अडखळत, मग चढत, शेवटी तुटत.

वरून उत्तर आलं.

पहिला आला तो फाशापासून हातभर अंतरावर थांबला. मान उंच करून त्यानं जाळीत बघितलं, तिथं पिकलेल्या दाढीचं एक माणूस दिसलं, आणि तो गेला. सूर्य वर आला. जिव्याच्या वाकड्या पायाला मुंग्या चढल्या. खाली पाड्यात होळीसाठी ओंडके ओढताना पोरांचा आरडाओरडा चालला होता. तो हाक मारत राहिला. घसा फुटला तरी मारत राहिला.

सोमी लाकडं वेचत टेकाडावर आली होती. तिला तितर ऐकू आला, म्हणून ती वाकून पुढं आली, आणि जाळीआड बघून जागीच खाली बसली. मोळी तिनं हळूच गवतात टेकवली. ती काही बोलली नाही, आणि तिच्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नाही.

दुपार व्हायला आली तेव्हा एक नर पळत, मान पुढं काढून, रागानं फुगून आला आणि थेट फाशात शिरला. पायाला लांब काटा असलेला, जुना, भांडखोर. जिव्यानं त्याला उपरण्यात धरला. मग पाठीमागून सोमीचा आवाज आला.

"जिव्या."

तो दचकला.

"पुढल्या साली तुनाच पिंजऱ्यात बसवू. त्याच्यापेक्षा तूच चांगला बोलतंस."

"चिंतूला सांगू नको, वयनी."

"का सांगीन?" ती उठून मोळी डोक्यावर घेत म्हणाली. मग थोडं थांबून, त्याच्याकडं न बघता, "जोडी नाय ना तुना. बोलणारच."

चिंतूनं पाखरू हातात घेऊन वजन अजमावलं. खूश झाला. "बोलला ना शेवटी तुझा? मना वाटलंच होतं, नाटक करतो तो!"

"बोलला," जिव्या म्हणाला. त्याचा आवाज इतका बसला होता की चिंतूनं विचारलं, "तुना काय झालं?"

"थंडी."

सांजेला होळी पेटली, नवस फिटला, तितर शिजला. चिंतू स्वतः पानात एक तुकडा घेऊन आला. जिव्यानं हात जोडून नको म्हटलं. "अरे हो, तुझा नेम," चिंतू म्हणाला, "तितराच्या हाकेचं तू खात नायस." सोमी पलीकडं बसून हाडूक चोखत होती. तिला जोराचा ठसका लागला.

पाच दिवस नाच झाला, ताडी झाली, भांडणं झाली. सहाव्या दिवशी पाडा पुन्हा उठला; पावसाला अजून तीन महिने होते आणि काम तारापूरला होतं. परत तेच: कोंबडी बघ, कणगी बघ. सगळे ओढा उतरले. सोमी सगळ्यांच्या मागं होती, ती पलीकडच्या काठावर जाऊन वळली.

"परत येताना मना ओढ्यापाशी ऐकू आलं पायजे!" ती ओरडली. "मग तो बोलो नायतर तू बोल!"

चैतात मादीनं अंडं घातलं. जिव्यानं पेंढा नीट केला, पिंजरा सावलीला सरकवला, दोन दिवस जवळही फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी बघतो तर दोघांनी मिळून ते फोडून खाल्लेलं. पाळीव पाखरं असं करतात. त्यानं टरफलं वेचून परत त्यांच्याच दाण्यात कुसकरली. चुना लागतो त्यांना.

रोज फटफटलं की तो ओट्यावर येऊन बसायचा, तळवे तोंडाशी धरायचा आणि हाक मारायचा. कोणाला फसवायचं नव्हतं आता, फासेही मांडलेले नसायचे. पिंजऱ्यातला नर एकदा मान वर करायचा आणि पुन्हा मादीच्या मानेची पिसं चोचीनं साफ करायला लागायचा. टेकाडावरून मात्र उत्तर यायचं. एखादा तितर कुंपणापर्यंत यायचा, म्हाताऱ्याला बघायचा, जायचा.

जिव्या ते उत्तर संपेपर्यंत ऐकायचा. मग भिंतीला टेकवलेली कुदळ घेऊन लंगडत वारुळाकडं निघायचा. आता दोघांच्या पोटापुरती उधई आणायची होती, आणि ऊन चढलं की ती खोल जाते.